नऊ आठवड्यांत रशियन येतं का हो? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्हो गावात एक ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे अठरा-एकोणीस वर्षांची पोरं मॉर्मन चर्चचे मिशनरी (धर्मप्रचारक) व्हायला येतात आणि काही आठवड्यांत रशियनसकट भलभलत्या भाषा बोलायला लागतात. एवढ्याशा वाक्यावर इतके मेल आले की हा महिना सगळा त्यातच जाणार असं दिसतंय. कौतुकाचे आहेत, रागाचे आहेत, एकदोन तर सरळ "ताई खोटं बोलताय" असे आहेत. तर घेऊया.

प्रश्न : ताई, आम्ही युटात लीहाय नावाच्या गावात राहतो, नवरा आयटीत आहे. शेजारच्यांचा मुलगा आमच्या डोळ्यांसमोर मोठा झाला, माझ्या लेकाला सायकल त्यानेच शिकवली. त्याला रशियन बोलायचं मिशन मिळालंय, आधी आठवडाभर घरातूनच लॅपटॉपवर क्लास झाले आणि मग त्याला प्रोव्होला सोडून आले. त्याची आई माझी चांगली मैत्रीण, त्याचा आठवड्याचा ईमेल मला वाचून दाखवते. लिहितो की पहिल्या तासापासून टीचर इंग्लिशचा एक शब्द काढत नाही आणि दोनतीन दिवसांतच एका माणसाला रशियनमधे धर्म शिकवायला पाठवलं, काही कळत नाही, डोकं बंद पडलंय. हे नॉर्मल आहे का? तिथे नक्की चालतं काय? मैत्रिणीला फार खोदून विचारायला बरं वाटत नाही.

एकदम नॉर्मल आहे, काळजी करू नका. माझी काही वर्षं युटात गेली, तेव्हा प्रोव्होत रशियन शिकवणारी बरीच मुलं ओळखीची झाली होती, आणि प्रत्येकाची पहिल्या आठवड्याची गोष्ट हीच, फक्त नावं बदलायची. मी त्या चर्चची नाही, त्यामुळे धर्माचं मला विचारू नका, भाषेचं सांगते.

आधी थोडं मागचं, म्हणजे संदर्भ लागेल. चर्चचं पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, लोक मॉर्मन म्हणतात पण २०१८ पासून त्यांनीच सांगितलंय की ते नाव नको. मुलं अठराव्या वर्षी मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जाऊ शकतात आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून मुलीही अठराव्याच (ऑक्टोबर २०१२ च्या आधी मुलांचं एकोणीस आणि मुलींचं एकवीस होतं, मग २०२५ पर्यंत मुलींचं एकोणीस). मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. कुठे जायचं, कुठली भाषा, हे स्वतः निवडता येत नाही, चर्चकडून पत्र येतं आणि सगळं घरदार जमवून ते उघडलं जातं, तुम्ही पाहिलं असेलच, आपल्याकडे बोर्डाचा निकाल बघतात तेवढी गर्दी. पगार नाही, उलट महिन्याचे पैसे त्यांनी किंवा घरच्यांनी भरायचे, २०२० च्या जुलैपासून ५०० डॉलर आहेत, आधी ४०० होते. म्हणजे शाळेत दोन वर्षं स्पॅनिश करून ते विसरलेला मुलगा एका पत्रावर रशियन बोलणारा होणार, असा हा सगळा मामला.

सेंटरची सुरुवात मात्र गंमतशीर कारणाने झाली. १९६१ मधे मेक्सिको आणि अर्जेंटिनाचे व्हिसा लवकर मिळेनात, मग अडकून पडलेल्या पोरांना नुसतं बसवून काय ठेवायचं म्हणून तिथल्या ब्रिगहम यंग युनिव्हर्सिटीत स्पॅनिशचे वर्ग काढले. ते वाढत वाढत १९७६ मधे स्वतःचं आवार झालं, १९७८ पासून मिशनरी ट्रेनिंग सेंटर हे नाव, तिकडे सगळे एमटीसीच म्हणतात. आता पन्नासच्या वर भाषा शिकवतात. इंग्लिशमधेच काम करणारे तीनेक आठवड्यांत बाहेर, स्पॅनिशवाले सहाच्या आसपास, आणि रशियन, चिनी, कोरियनवाले नऊच्या आसपास.

आता पहिला दिवस. गाडी फुटपाथला लागते, आई रडते, बाबा बॅगा काढतात, आत आधीपासून असलेला एक मिशनरी येऊन बॅग धरतो आणि दोनचार मिनिटांत निरोप संपतो. मुद्दामच छोटा ठेवलाय, पूर्वी आत हॉलमधे बसवून निरोप व्हायचा आणि रडारड आवरायची नाही म्हणतात. आत गेलं की पुस्तकं, किल्ली, आणि काळी नावाची पट्टी. रशियनवाल्यांच्या पट्टीवर आडनाव सिरिलिकमधे. पहिलं नाव बाहेरच राहतं, आत फक्त स्तारेयशिना अमुक (मुलगा असेल तर) किंवा सिस्त्रा तमुक. कित्येकांना पहिल्या दिवशी स्वतःची पट्टीच वाचता येत नाही, कारण सिरिलिकची ३३ अक्षरं, त्यातली काही इंग्लिशसारखी दिसतात आणि भलताच आवाज काढतात.

मग वर्ग. डिस्ट्रिक्ट म्हणतात त्याला, आठदहा जणांची तुकडी, तीच नऊ आठवडे एकत्र. टीचर म्हणजे बहुतेक वेळा विशी-पंचविशीतलाच कोणीतरी, स्वतः दोन वर्षं रशियात किंवा युक्रेनमधे मिशन करून आलेला आणि आता युनिव्हर्सिटीत शिकता शिकता पार्ट टाइम इथे शिकवणारा. तो दारातून आत येतो तोच रशियन बोलत. हातवारे, चित्रं, फळ्यावर दोन शब्द, पण इंग्लिश नाही. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्याच दिवशी नमस्कार, माझं नाव, मी मिशनरी, आणि छोटी प्रार्थना एवढं होतं. प्रार्थना सगळ्यात आधी येते, कारण दिवसात इतक्या वेळा करायची असते की चार दिवसांत तोंडात बसते, आणि चार ठरलेल्या वाक्यांवर भागतं पण.

आणि मग तो प्रसंग ज्याने तुमच्या शेजारच्याचं डोकं बंद पडलंय. दोनतीन दिवसांत सांगतात, उद्या एका रशियन बाईंना किंवा आजोबांना तुम्ही दोघांनी जाऊन शिकवायचंय, वीस मिनिटं. पोरं रात्रभर सॉरी, रात्री साडेदहाला दिवे बंद, म्हणजे साडेदहापर्यंत, कागदावर वाक्यं जुळवत बसतात, रशियन उच्चार इंग्लिश अक्षरांत लिहून पाठ करतात. दुसऱ्या दिवशी खोलीत जातात तर समोर त्यांचा टीचरच बसलेला असतो, पण दुसऱ्या नावाने, दुसऱ्या स्वभावाने. बऱ्याचदा तो स्वतःच्या मिशनमधे खरोखर भेटलेल्या एखाद्या माणसाची भूमिका करत असतो, त्याच्या शंका, त्याचा दारूचा प्रॉब्लेम, त्याची मेलेली बायको, सगळं. मुलं पाठ केलेलं म्हणतात आणि तो मधेच साधा प्रश्न विचारतो, कागदावर नसलेला. तिथे शांतता. दोघं एकमेकांकडे बघतात, एक जण म्हणतो "या ज़्नायू, श्तो..." म्हणजे मला माहीत आहे की, आणि पुढे जे कुठलं वाक्य येत असेल ते जोडून देतो. प्रश्न काय होता देवजाणे. बाहेर येऊन काही जण हसतात, काही जिन्यात बसून रडतात.

क्रूर वाटतं ना, पण मला विचाराल तर सगळ्या ट्रेनिंगमधला हाच भाग खरा कामाचा आहे. त्या मुलाला त्या रात्री काय कळतं, तर आपल्याला नेमके कुठले शब्द येत नाहीत ते. दुसऱ्या दिवशी वर्गात तो चतुर्थी विभक्तीसारखं काहीतरी स्वतःहून विचारतो, कारण त्याला "तुम्हाला" म्हणायचं होतं आणि "तुम्ही"वरच अडकला होता. आपल्या क्लासमधे विभक्ती आधी येते आणि ती वापरायची गरज पडते तिसऱ्या वर्षी, पडलीच तर.

बाकी दिनक्रम तुम्हाला ऐकून माहीत असेल, साडेसहाला उठणं, वर्ग, अभ्यास, जिम, परत वर्ग, मंगळवारी मोठं प्रवचन, रविवारी सभा आणि थोडं फिरणं. जेवण भरपूर, सकाळचं सीरियल आणि आइस्क्रीम मनसोक्त, वजन वाढून पँट घट्ट होणं हा तिथला जुना विनोद आहे. आठवड्यातून एक दिवस कपडे धुणं, पत्रं, घरी बोलणं. हे घरी बोलणं पण नवीन हं, फेब्रुवारी २०१९ पर्यंत वर्षातून दोनदाच फोन मिळायचा, मदर्स डे आणि ख्रिसमस. आता दर आठवड्याला चालतं. म्हणून मैत्रिणीला सांगा, मागच्या पिढीपेक्षा तुझं खूप बरं चाललंय.

एक गोष्ट मुलं ईमेलमधे आईला लिहीत नाहीत. रशियनपेक्षा जास्त त्रास होतो तो जोडीदाराचा, कंपॅनियन म्हणतात. चोवीस तास एकमेकांच्या नजरेत राहायचं, बाथरूम सोडून कुठेही एकट्याने जायचं नाही, आणि हा जोडीदार तुम्ही निवडलेला नसतो. एकाला भाषा पटकन येते, तो वीस मिनिटं एकटाच बोलतो, दुसरा खुर्चीत आक्रसत जातो. किंवा दोघंही लाजाळू. वयाच्या अठराव्या वर्षी, ज्याला घरी स्वतःची खोली होती अशा मुलाला, हे नऊ आठवडे. रशियनचं पुस्तक बंद करता येतं, याला कुठे बंद करणार.

तुम्ही त्याला काय लिहाल हे विचारलं नाहीयेत पण सांगते. घरची आठवण येते का असं विचारू नका, येतेच. तुमच्या लेकाची सायकल, कॉलनीत कोणाचा कुत्रा हरवला, असलं लिहा. आणि एक ओळ त्याला रशियनमधे लिहायला सांगा, त्याचा अर्थ पण त्यानेच सांगायचा. खूश होईल.

प्रश्न : मी पुण्यात रशियन शिकते, डिप्लोमा करतेय. सगळे तक्ते पाठ, पेपरात मार्क चांगले, पण समोर रशियन माणूस आला की तोंडाला कुलूप. आणि तुम्ही लिहिता नऊ आठवड्यांत पोरं बोलतात. मग आम्ही मूर्ख का? की ते फेकतात?

दोन्ही नाही. आकडे बघ. अमेरिकन सरकार आपल्या डिप्लोमॅट लोकांना भाषा शिकवतं, त्यांच्या हिशोबाने रशियन चांगली यायला ४४ आठवडे, ११०० तास वर्गात लागतात, आणि हे लोक हुशार, पगारी, फुल टाइम शिकणारे. प्रोव्होतल्या मुलाचे रोजचे सात तास धरले तरी नऊ आठवड्यांत चारशेच्या आतबाहेर बसतात, माझा अंदाजच आहे हा, पण त्याहून फार वर जात नाही. म्हणजे त्याला रशियन "येत" नाही. त्याला एका विषयावर रशियन बोलता येतं. इस्कुप्लेनिये (पापमुक्तीसाठी दिलेलं मोल), पकायानिये (पश्चात्ताप) असले जडजंबाल शब्द तो झोपेत म्हणेल आणि मग रशियनांच्या स्वयंपाकघरात बसला की चमचा मागता येत नाही. मी अशा एका मुलाला बटाट्याचे भाव विचारायला लावलं होतं, घामाघूम झाला बिचारा.

पण तो बोलतो, आणि तू बोलत नाहीस, हा फरक खरा आहे. तो का बोलतो? कारण त्याला काहीतरी सांगायचंच आहे, मनापासून, आणि चुकलं तर मार्क जात नाहीत. तुला काय सांगायचंय? पाठ्यपुस्तकातल्या नताशाला लायब्ररीत जायचंय, तुला नाही. तू रोज कोणालातरी एक गोष्ट सांग जी तुला खरंच सांगायचीय, आईशी भांडण झालं, बस चुकली, बॉस कसा नालायक आहे. मैत्रिणीशी ठरवून टाक की क्लासच्या दारापासून बस स्टॉपपर्यंत रशियनच. एमटीसीत पण हाच नियम आहे, वर्गाबाहेर, जेवताना, जिन्यात, जी भाषा शिकतोयस तीच बोल, शब्द नसला तर वळसा घालून सांग. चमचा नाही येत तर "सूप खायची वस्तू" म्हण. पोरं इतका वळसा घालायला शिकतात की नंतर त्यांना कशानेच अडत नाही.

आणि तुझ्याकडे त्यांच्यापेक्षा खूप काही जास्त आहे, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. युटाच्या मुलाला टेबल पुल्लिंगी आणि पुस्तक स्त्रीलिंगी हे ऐकूनच चक्कर येते, आपण जन्मापासून तो वाडा ती खोली ते घर करत आलोय. शब्दाच्या शेपटीला विभक्ती लागते हे त्याला नवीन, आपल्याला घराला, घरात, घराचा. भूतकाळात बाई असेल तर क्रियापद बदलतं, शोल आणि श्ला, आपलं गेला आणि गेलीच की. तू आणि तुम्ही आपल्याकडे आहेच. ए आणि द या आर्टिकलचा त्रास दोन्ही भाषांना नाही. नावात मधे बापाचं नाव असतं हे तर महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावंच लागत नाही. अडचण आपली आणि त्यांची सारखी कुठे येते तर जाण्या-येण्याच्या क्रियापदांना, पायी गेलास का वाहनाने, एकदाच का नेहमी, जाऊन परत आलास का तिथेच आहेस, प्रत्येकाला वेगळं. आणि मृदू व्यंजनं, म्हणजे मागे हलका य लागल्यासारखी. आणि तो ы नावाचा स्वर, ज्याला पोट आत ओढून बोलावं लागतं असं माझ्या बाई सांगायच्या.

त्यांच्या पद्धतीचा तोटा पण ऐक, नाहीतर तू डिप्लोमा सोडून पळशील. दोन वर्षांनी परत आलेली ही मुलं युनिव्हर्सिटीत रशियनच्या वर्गात बसतात तेव्हा धडाधड बोलतात आणि शब्दांच्या शेपट्या सगळ्या चुकीच्या. दोन वर्षं कोणी टोकलं नाही, म्हाताऱ्या बायकांना मुलाचं कौतुक, कळलं की झालं. ती चूक मग हाडात बसते आणि काढता काढता प्रोफेसरांचा जीव जातो. लिहिण्याचं तर विचारूच नको. तुझे तक्ते तिथे कामाला येतात. तेव्हा तक्ते ठेव आणि तोंड उघड, दोन्ही लागतं.

प्रश्न : तुम्ही धर्मप्रचारकांचं कौतुक का करताय कळत नाही. आपल्याकडे मिशनरी म्हटलं की काय आठवतं ते तुम्हाला माहीत नसेल असं नाही. अठरा वर्षांच्या पोरांना घरापासून तोडून, सकाळ-संध्याकाळ एकच गोष्ट घोटवून घेणं याला ट्रेनिंग म्हणतात की ब्रेनवॉश? (सांगलीचे एक निवृत्त शिक्षक)

सर, कौतुक मी शिकण्याचं करतेय, कशासाठी शिकतात त्याचं नाही, आणि दोन्ही वेगळं ठेवता येतं असं मला वाटतं, तुम्हाला वाटत नसेल तर तोही मुद्दा आहेच. वातावरण दाबाचं असतं हे खरंय. काही मुलं पहिल्या आठवड्यात घरी परत जातात, त्यांच्या गावात त्याकडे बरं बघत नाहीत, तो भाग मला अजिबात आवडत नाही. अठरावं वर्ष लवकर आहे असंही माझं मत.

पण परक्या माणसाने देव सांगायला आपली भाषा शिकावी यात आपल्याला नवीन काय आहे? गोव्यात फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट पाद्र्याने १६१६ मधे मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं, आणि मराठीची स्तुती त्याने केलीय तेवढी आपल्यातल्या किती जणांनी केली असेल. विल्यम कॅरीने १८०५ मधे मराठी व्याकरण आणि १८१० मधे मोडी टाइपात कोश काढला, तेही वैजनाथ पंडितांच्या जिवावर, हे आपण सांगत नाही, सांगायला हवं. १८१३ मधे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला बसले. आणि ज्या चर्चबद्दल आपण बोलतोय त्यांचाच ह्यू फिंडले नावाचा माणूस १८५२ मधे मुंबईला आला आणि मग पुण्यात जाऊन प्रचार करत बसला, तेव्हा ना सेंटर ना टीचर. यातलं कोणाचं तत्त्वज्ञान पटतं हा भाग वेगळा. शाळेत मराठी शिकवताना यातला एक तरी उल्लेख तुम्ही केला असणार सर.

प्रश्न : रशियात युद्ध, निर्बंध, मग ही मुलं जातात कुठे? रशियात असला प्रचार चालतो का?

चालत नाही, आणि हे युद्धाच्याही आधीपासून. सोव्हिएत काळात प्रश्नच नव्हता. लेनिनग्राडमधल्या छोट्या शाखेला १९९० मधे मान्यता मिळाली आणि १९९१ च्या जूनमधे रशियन प्रजासत्ताकाने चर्चला अधिकृत मान्यता दिली, त्यांच्या साल्ट लेकच्या प्रसिद्ध कॉयरचा मॉस्कोत बोल्शोई थिएटरमधे कार्यक्रम झाला होता तेव्हाच हे जाहीर झालं. नव्वदच्या दशकात मग झुंडीने पोरं गेली, रस्त्यावर उभं राहून बोलायची, लोकही ऐकायचे, नवीन अमेरिकन प्राणी म्हणून. माझ्या ओळखीचे जे टीचर होते त्यातले जुने याच लाटेतले.

२०१६ च्या जुलैमधे रशियात जे कायदे आले, यारोवाया कायदे म्हणतात, त्यात नोंदलेल्या प्रार्थनास्थळाच्या बाहेर धर्मप्रचारावर कडक बंधनं आली. रस्त्यात बोलायचं नाही, घरोघर जायचं नाही. तेव्हापासून तिथे त्यांना मिशनरी म्हणणंच बंद केलं, व्हॉलंटियर म्हणायला लागले. २०२२ मधे युद्ध सुरू झाल्यावर बाहेरून आलेली मुलं हलवली, युक्रेनमधली तर त्याच्या आधीच बाहेर काढली होती. आता रशियन शिकलेला मुलगा बहुधा बाल्टिक देशांत, मध्य आशियात, नाहीतर अमेरिकेतल्याच रशियन बोलणाऱ्या वस्तीत जातो. काही जणांचं तर प्रोव्होत असतानाच ठिकाण बदलतं. म्हणजे नऊ आठवडे मॉस्कोची स्वप्नं बघून शेवटी विमान उतरतं रीगाला. भाषा मात्र वाया जात नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला रशियात एमबीबीएसला ॲडमिशन मिळालीय, सप्टेंबरमधे जाईल. एजंट म्हणतो सगळं इंग्लिशमधे आहे, रशियनची गरज नाही. तुमचा मागचा लेख वाचून वाटलं त्यालाही असं काही करता येईल का? (कोल्हापूरहून एक पालक)

एजंटला म्हणावं पेशंट पण इंग्लिश बोलतो का. आपल्या मेडिकल कमिशनच्या २०२१ च्या नियमांनुसार शिकवणं इंग्लिशमधेच हवं, कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि वर बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत, हे ॲडमिशनच्या कागदांत नीट तपासून घ्या, भाषेआधी ते. पण वर्ग इंग्लिशमधे असला तरी साधारण तिसऱ्या वर्षापासून हॉस्पिटलमधे उभं राहायचं असतं आणि तिथल्या आजीबाई त्याला रशियनमधेच सांगणार कुठे दुखतंय ते. ग्द्ये बलीत, कुठे दुखतं, हे विचारता आलं पाहिजे आणि त्याहून अवघड म्हणजे उत्तर कळलं पाहिजे.

प्रोव्होची नक्कल त्याला जमणार नाही, तिथे नियम असतात, वेळापत्रक असतं, चुकारपणा करायला जागा नसते. आपल्या पोरांच्या होस्टेलला इंडियन मेस असते, रूममधे तिघं मराठी नाहीतर एक बिहारी, रात्री क्रिकेट, सहा वर्षं होतात आणि रशियन दुकानापुरती. वाईट मुलं नसतात हो ती, गरजच पडत नाही. तेव्हा गरज निर्माण करायची. आत्ता जायला वेळ आहे तर सिरिलिक वाचायला इथेच शिकवा, पंधरा दिवस पुरतात. मग गेल्यावर पहिल्या महिन्यात एखाद्या सीनियरला गाठायला सांगा, शक्यतो जो हॉस्पिटलमधे जातोय, आणि आठवड्यातून दोनदा तो पेशंट आणि आपला हिरो डॉक्टर, अर्धा तास. अट एकच, सीनियरने हिंदीत यायचं नाही, कितीही केविलवाणं तोंड केलं तरी. पहिल्या दिवशी दहा वाक्यं पाठ करून जाऊ दे, अकराव्याला अडकू दे. अडकलेलं वहीत लिहायचं, पुढच्या वेळी तेच परत.

आणि पेशंटला नुसतं नावाने हाक मारायची नाही, नाव आणि वडिलांचं नाव, मारिया इवानोव्हना, असं म्हणायचं, आणि तुम्ही म्हणायचं, तू नाही. सवय पहिल्या दिवसापासून लावा. एमटीसीतल्या मुलांना पण हे सुरुवातीलाच सांगतात, कारण दार उघडणाऱ्या आजी उच्चारावर हसतात पण उद्धटपणावर दार लावून घेतात. फी भरायच्या आधी कॉलेजला मेल टाकून विचारा की रशियनचे तास आठवड्याला किती आणि कुठल्या वर्षापर्यंत, आणि उत्तर लेखी घ्या.